मागील पीक

गड्डा यात्रेचे पाळणे उतरले
की सोलापुरात ऊन आपली पथारी पसरतं.
त्याआधी लॉनचं काय ते बघायला हवं,
असं मी दरवर्षी म्हणतो
आणि गुरुसिद्ध माळी दरवर्षी
सायकलवरून युरियाची पिशवी घेऊन येतो.

या वेळी म्हटलं, थांब.
आधी माती तपासू.
तो हसला. अठरा बाय बारा फुटांचा तुकडा,
त्यातही एक कोपरा परातीएवढा करपलेला.
"एवढ्याला कुठं लॅब, मास्तर?"

डाइंग मास्तर मी. चौतीस वर्षं
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांचं सूत रंगवलं.
एक लडी बुडवून बघितल्याशिवाय
शंभर किलो सूत रंगात सोडलं नाही कधी.
आणि घरच्या मातीला मात्र
चौदा वर्षं न विचारताच वाढत गेलो.

म्हणून खुरपं घेतलं. नागमोडी चालत आठ ठिकाणी
गवताची साय बाजूला सारून
इंग्रजी व्हीसारखा खड्डा, वीतभर.
वर काळी, बोटांना न सोडणारी,
खाली चुनखडीचे खडे, शेंगदाण्यांएवढे.
लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकची बादली;
मग सावलीत वर्तमानपत्रावर वाळवण.
नागमणी तेलुगूत पुटपुटली,
माझ्या शेंगांची जागा अडवली म्हणून.

वाळलेल्या मातीचे चार भाग.
समोरासमोरचे दोन टाकायचे,
उरलेले मिसळायचे, पुन्हा चार, पुन्हा दोन टाकायचे.
असं करत अर्धा किलो उरते
आणि ती सगळ्यांच्या वतीनं बोलते.
मला हे पटायला वेळ लागला.
टाकलेली मातीही तीच होती ना.

लॅबमधला फॉर्म शेतकऱ्यांसाठी.
गट नंबर: जुळे सोलापूर, प्लॉट एकोणीस.
ओलिताचं साधन: बोअर; नळ, पाचव्या दिवशी.
घ्यायचं पीक: हिरवळ.
मागील पीक?
खिडकीमागच्या बिराजदारबाई पेन धरून थांबल्या.
मी म्हटलं, "दोन खुर्च्या. संध्याकाळी."
त्यांनी 'निरंक' लिहिलं.

अहवाल बारा दिवसांनी.
सामू साडेआठ. सेंद्रिय कर्ब कमी.
सोडियमखाली लाल रेघ.
कापडावरचा डाग बघावा तसा मी तो आकडा बघितला.
डाग कुठून आला
हे कळायला मला मिनिट लागत नाही.

दर उन्हाळ्यात
धुण्याचं शेवटचं पाणी टाकवत नाही म्हणून
नागमणी बादली उचलते,
एका हातानं गुडघा धरत
अंगण ओलांडून त्या कोपऱ्यापर्यंत नेते.
मोरीपासून तोच जवळ.
चौदा उन्हाळे, साबणाचा सोडा, बादली बादलीनं.
मिठाशिवाय रंग सुतावर बसत नाही,
हे मी किती पोरांना शिकवलं असेल.
गवताचं उलटं असतं, एवढंच.

"काय म्हणतोय कागद?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, "बोअरचं पाणी खारं."
ते अगदीच खोटं नव्हतं.

जिप्सम आणलं, कुजलेलं शेणखत आणलं,
आणि हिराकस, माझा जुना ओळखीचा,
काळ्याला आणखी काळं करणारा;
इथं म्हणे पिवळ्याला हिरवं करतो.
गुरुसिद्धनं युरिया कॅरियरवरून सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी धुणं झालं.
नागमणीनं बादली उचलली,
कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली,
माझ्याकडे न बघता वळली
आणि पाणी फाटकाबाहेरच्या गटारीत ओतलं.
मग बादली पालथी घालून तिच्यावर बसली,
गुडघा चोळत म्हणाली,
"ते पांढरं टाकणार ना?
ह्या कोपऱ्यात जरा जास्त टाका."